पान एक्केचाळीस

नेरेआबाई पुस्तक काढायला आल्या तेव्हा
किसुमूतल्या आमच्या दुकानात दोन मशिनं होती,
त्यातलं एक आजारी.
निवृत्त सुईण. पिशवीत अकरा वह्या,
सुकवलेल्या ओमेना मासळीच्या वासाच्या,
आणि फंडाचे पैसे रुमालात गाठ मारून.
"तीनशे प्रती. एक कमी नको.
तीन हजार पोरं झेललीत या हातांनी,
दहातल्या एकानं तरी विकत घ्यावं."

टाइप मी केलं. रात्री, वीज असेल तेव्हा.
अक्षर किडामुंगीचं,
पण कळा अशा लिहिलेल्या
की मी बिनलग्नाचा माणूस
दोनदा खुर्चीतून उठून पाणी प्यायलो.

प्रकाशकाच्या जागी काय घालू, विचारलं.
"घाल : नेरेआ अवुओर, सुईण."
सुईण कशाला तिथे?
"मग हे बाहेर कुणी ओढलं, तू?"

गठ्ठे घरी गेले. तिसऱ्या दिवशी फोन :
"पोरा, तू माणूस मारलंस."

रुसिंगा बेटावरची जुळी.
आधी येते ती आपियो, मागून येते ती आदोंगो,
आमच्यात नावं क्रमानंच पडतात.
उजाडेपर्यंत एकच उरली.
मी छापलं होतं : आपियो गेली.
"गेली ती आदोंगो. माझ्या या तळव्यावर गार झाली.
मला विचार."

वही उघडून बघू या, असं जिभेवर आलं होतं.
तिथेच राहिलं.
चटईवर बसून आम्ही निळ्या पेनानं
तीनशे वेळा आपियो खोडली,
तीनशे वेळा वर आदोंगो लिहिली.
चहा त्यांचा, पेन माझं.

मग विक्री.
चर्चच्या पायरीवर, दवाखान्याच्या बाकावर,
मयताच्या जेवणाला, जिथे रांग लांब असते
आणि लोकांना हातात काहीतरी हवं असतं.
रेडिओवाल्यानं पाच मिनिटं दिली,
ती बाईंनी अंगावर पाजण्यात घालवली,
पुस्तकाचं नाव सांगायचं राहूनच गेलं.
भाचा म्हणाला, मोबाइलवर व्हिडिओ टाक.
टाकला. बावीस जणांनी पाहिला,
त्यातले सहा मी.

एकशे सत्तावीस खपल्या होत्या
तेव्हा म्बिताच्या फेरीत, खोकं माझ्या मांडीवर,
टोमॅटोच्या टोपल्यांमागे उभ्या एका बाईनं
प्रत उचलली, मधूनच उघडली,
आणि वाचत राहिली. पान उलटेना.
"खाली छापलंय ते बरोबर आहे," ती म्हणाली.
"वर हे पेन कुणी चालवलं?
मी आदोंगो."

वही पिशवीत होती. आता मात्र उघडली.
वहीत आपियोच गेली होती,
बाईंच्याच अक्षरात, तारीखवार.
मी छापलेलं वहीतलं होतं,
खोडलं ते आठवणीनं.

मला वाटलं, माफी मागतील.
त्यांनी त्या बाईचा हात ओढून घेतला
आणि धक्का येईपर्यंत सोडला नाही.
"गरम आहे," एवढंच, माझ्याकडे न बघता.
आदोंगोनं पूर्ण पैसे दिले. सुट्टे मागितले नाहीत.

विकायला फिरलो नव्हतो इतके
मग दुरुस्तीला फिरलो, लाल पेन घेऊन.
ज्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं
त्यांनी दारातच उघडलं, थेट एक्केचाळीसवर,
आणि आत नेऊन मागचं-पुढचंही वाचलं.
एका कोळ्यानं प्रत देईना :
"राहू दे तसंच. एवढ्या सुईणीचंही चुकतं,
हे बायकोला दाखवायचंय."
शेजाऱ्यानं तिथल्या तिथे दोन घेतल्या.

अकरा प्रती अजून सापडत नाहीत.
एक मोम्बासाला गेली म्हणतात, बसच्या सीटखाली राहून.
अधूनमधून रात्री फोन वाजतो :
"पोरा, झोपलास?
अकरा घरांत ती मेलेलीच आहे रे अजून."
मी उठतो, दिवा लावतो,
आणि दुसऱ्या आवृत्तीचा खर्च
पुन्हा एकदा मांडून बघतो.